उनाइसीने न मागितलेली माफी

उनाइसीला मी चौथीत शिकवलं. भागाकार तिला शेवटपर्यंत आला नाही. पण वर्गात कोण उपाशी आलंय, हे तिला दारातूनच कळायचं. मग ती नेमकी त्याच मुलाची टर उडवायला लागायची. त्याचे कान, त्याची चाल, त्याच्या बापाची गळकी होडी, काही सोडायची नाही. हसता हसता तिच्या डब्यातला उकडलेला कसावा आपण कधी संपवला, हे त्या मुलालाही कळायचं नाही. मी मात्र पाहिलं होतं. पुढे जगभर तिचं नाव 'प्रेतापुढे हसणारी बाई' असं झालं, तेव्हा मला ती चौथीतलीच दिसत होती.

आमच्या वुनिदिलो गावाच्या टोकाला एक हॉटेल आहे. उनाइसी तिथल्या धुलाईघरात होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. धाकटी बहीण बाळंतपणात गेली, तिचा मुलगा साइलोसी हिनेच वाढवला. तो पोरगा पुढे पाण्यावर उतरणारं छोटं विमान चालवायला शिकला आणि हॉटेलच्या पाहुण्यांची ने-आण करू लागला. पहिल्यांदा तो विमान घेऊन आमच्या किनाऱ्यावर उतरला, तेव्हा सगळं गाव टाळ्या वाजवत होतं आणि उनाइसी ओरडत होती, "पाय पुसून ये रे! आणि ते यंत्र तिकडे लाव, माझे कपडे वाळताहेत!"

त्या हॉटेलात दरवर्षी थंडीच्या दिवसांत ग्रॅहम वेदरली नावाचा एक गृहस्थ यायचा. फार श्रीमंत. किती, ते आम्हाला नंतर टीव्हीवरून कळलं. डोक्याला टक्कल, उन्हाने लाल झालेली मान आणि वाक्यागणिक 'सॉरी'. चटईवरून जाताना सॉरी, कुत्र्याला ओलांडताना सॉरी. पहिल्या वर्षी तो गावात यांगोना, म्हणजे करवंटीतून मुळांचं पेय, प्यायच्या बैठकीला आला. आमच्याकडे नव्या माणसाला आधी विचारतात, कुठल्या बेटाचा? तो म्हणाला, "तास्मानिया."

बैठकीत सर्वांत वडील ओरिसीआजा. त्यांना उजव्या कानाने मुळीच ऐकू यायचं नाही, आणि पाहुण्याला बसवला होता त्याच बाजूला. आजांनी मान डोलावली आणि म्हणाले, "तासिमोना! मग आधी का नाही सांगितलं? हा तर आपला ताउवू!"

तासिमोना हे आमच्या दक्षिणेचं बेट. त्यांचा मूळपुरुष आणि आमचा मूळपुरुष सख्खे भाऊ, आणि दोघांनी एकमेकांच्या होड्या पळवल्या, अशी गोष्ट आहे. तेव्हापासून ते आमचे ताउवू आणि आम्ही त्यांचे. ताउवूने ताउवूला वाटेल ते बोलावं, त्याच्या घरातलं आवडेल ते उचलावं, आणि समोरच्याने रागवायचं नाही. रागावला तर तो ताउवू कसला? लग्नात हे चालतंच, पण मयतात तर चालायलाच हवं. घरच्यांनी रडायचं आणि ताउवूंनी येऊन त्यांना हसवायचं. ज्याच्या मयताला ताउवू थट्टा करायला आले नाहीत, तो माणूस बिचारा एकटाच गेला, असं आम्ही मानतो.

तास्मानिया आणि तासिमोना यांत किती समुद्र आहे, ते मी भूगोलात तीस-पस्तीस वर्षं शिकवलं होतं. तरी मी गप्प बसलो. यांगोनाच्या बैठकीत वडीलधाऱ्यांच्या तोंडून निघालेला शब्द कोणी परत घेत नाही. बाकीचे माना खाली घालून हसू दाबत होते. उनाइसी तेवढी उठली, पाहुण्याच्या डोक्यावरची पांढरी टोपी उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाली, "ताउवू का? मग ही माझी. अरे देवा, खाली काहीच नाही की! मी म्हटलं, टोपीखाली निदान केस तरी असतील!"

पाहुणा क्षणभर बघत राहिला. मग असा हसला, की हातातली करवंटी सांडली. मला वाटतं, त्या माणसाला कित्येक वर्षांत कोणी टकल्या म्हटलं नसावं.

तेव्हापासून हे दरवर्षीचं झालं. तो नवी टोपी घालून यायचा आणि धक्क्यावर उतरला की उनाइसी ती पळवायची. तो मागच्या दाराने तिच्या घरात शिरून केळ्यांचा घड उचलून न्यायचा. ती गावभर ओरडत फिरायची, "एवढा श्रीमंत माणूस, आणि गरिबाची केळी चोरतो!" हॉटेलची मॅनेजर क्रिस्टीन बाई पहिल्यांदा घाबरली होती. वेदरलीनेच तिला सांगितलं, "त्यात तुम्ही पडू नका. हे आमच्या घरातलं आहे."

मग ते विमान पडलं. सकाळची वेळ होती, समुद्र शांत. साइलोसी वेदरलीला घेऊन येत होता. विमान भिंतीपलीकडे पाण्यात गेलं. भिंत म्हणजे आमच्या किनाऱ्यासमोरचा प्रवाळाचा बांध, त्याच्यापलीकडे समुद्र एकदम खोल होतो. का पडलं, ते अजून नीट कळलेलं नाही. गावातल्या होड्या लगेच निघाल्या. दुपारपर्यंत शोधाची विमानं आली, सरकारी बोट आली आणि तिच्यामागून कॅमेरेवाले आले. आमच्या शाळेच्या मैदानावर त्यांनी तंबू ठोकले. टीव्हीवर सारखं वेदरलीचं नाव, वेदरलीचे कारखाने, वेदरलीचं लग्न, वेदरलीचं लहानपण. बातमीच्या शेवटी कधी कधी एक वाक्य असायचं: वैमानिकही बेपत्ता आहे.

त्यांना दोष देत नाही मी. कोणी ओळखीचं गेलं की आपण थांबून बघतो, आणि त्या माणसाचं तोंड त्यांच्या देशात सगळ्यांना ओळखीचं होतं. साइलोसीचं तोंड आम्हाला ओळखीचं होतं. पण वैमानिकालाही नाव असतं. एका तंबूत जाऊन मी ते लिहून दिलं. तिथल्या डेल नावाच्या पोरसवदा वार्ताहराने कागद खिशात घातला आणि "थँक यू, सर" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वेदरलीचा देह सापडला. बोट येईपर्यंत तो गावच्या सभाघरात ठेवायचं ठरलं. बायकांनी चांगल्यातल्या चटया अंथरल्या. शोधाची मोठी विमानं तेवढ्यात परत गेली, गावच्या होड्या मात्र साइलोसीला शोधतच होत्या. उनाइसी दोन दिवस किनाऱ्यावर बसून होती. तिने काही खाल्लं नव्हतं, कोणाशी बोलली नव्हती.

मी सभाघरात होतो. सगळे मान खाली घालून बसलेले. कॅमेरेवाल्यांना दाराशी उभं राहू दिलं होतं. गावप्रमुखांनी शोकाचे शब्द म्हटले. आणि मग सगळ्यांना एकच गोष्ट खुपायला लागली. याचे ताउवू तर आपणच, मग थट्टा कोण करणार? तासिमोनाला, म्हणजे त्याच्या घरच्यांना, निरोप गेला होता, पण त्यांची बोट पोचायची होती. हा माणूस असाच, थट्टेवाचून जाणार?

तेवढ्यात उनाइसी दारातून आत आली. डोक्यावर गेल्या वर्षीची पांढरी टोपी. पोट पुढे काढलेलं, हात पाठीमागे. अगदी त्याच्यासारखी पावलं टाकत, प्रत्येक चटईला "सॉरी, सॉरी" म्हणत ती देहापर्यंत गेली आणि चटईवर हात आपटून म्हणाली, "ऊठ, टकल्या! झोपायला तिकडे एवढं महागाचं हॉटेल घेतोस, आणि इथे फुकटात लोळतोस? माझ्या केळ्यांचं काय? आणि यंदाची टोपी कुठाय? पाण्यात टाकलीस ना मुद्दाम, मला मिळू नये म्हणून? चिकट मेला!"

आधी ओरिसीआजांची म्हातारी फिस्सकन हसली. मग सगळं सभाघर हसलं. डोळ्यांतून पाणी, आणि हसू थांबत नव्हतं. उनाइसी त्याच्या पायांशी बसली, चादर नीट खोचली आणि त्याच्या पावलावर हलकीच चापट मारली. "जा आता," ती म्हणाली. "सारखं सॉरी सॉरी करू नकोस तिकडे. कोणाचा पाय तुडवला नाहीस तू."

एवढं झाल्यावर ती उठून परत किनाऱ्यावर जाऊन बसली.

तिचं हे शेवटचं बोलणं टीव्हीवर नव्हतं. टीव्हीवर टोपी होती, चाल होती, हात आपटणं होतं आणि हशा होता. खाली पट्टी होती: 'उद्योगपतीच्या शवापुढे बेटावर हास्यकल्लोळ.'

दोन दिवसांत जगाचे दोन भाग झाले. एका भागाने उनाइसीला शिव्या घातल्या. रानटी, निर्दय, कृतघ्न. दुसऱ्या भागाने तिचं कौतुक केलं. शाब्बास बाई, श्रीमंतांना असंच पाहिजे, त्यांच्या मरणावर हसायचं नाही तर काय करायचं? शेजारच्या लितियाने तिच्या फोनवर हे सगळं वाचून दाखवलं. आम्ही उनाइसीच्या ओट्यावर बसलो होतो. शिव्या तिने शांतपणे ऐकून घेतल्या. कौतुक ऐकून मात्र तिचा चेहरा बदलला.

"हे कोण लोक, मास्तर?"

"म्हणताहेत की ते तुझ्या बाजूचे आहेत," मी म्हणालो.

"माझ्या बाजूचे? शिव्या देणारे निदान त्याच्यासाठी वाईट वाटून घेताहेत. हे टाळ्या पिटणारे मेले कोण? तो मेला म्हणून यांना आनंद झालाय, आणि तो आनंद माझ्या तोंडावर आणून चिकटवताहेत!"

लितियाने फोन मांडीखाली लपवला.

साइलोसी त्याच संध्याकाळी सापडला, भिंतीच्या आतल्या बाजूला. तंबू तोवर उठले होते. त्याला घरी आणलं, तेव्हा तासिमोनाची बोट येऊन पोचली. वीस-पंचवीस ताउवू उतरले आणि दारातूनच सुरू झाले, "उनाइसी, पोराला पोहायला शिकवायच्या आधी उडायला शिकवलंस होय? सगळंच उलटं तुझं!" उनाइसी साइलोसीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ती हसली, आणि हसता हसता तिला पहिल्यांदा रडू फुटलं. मग त्यांचा म्हातारा तिच्याजवळ बसून म्हणाला, "आणि आमच्या बेटाचा तो टकल्या? आमचा माणूस, आम्हाला न विचारता पाठवून दिलात! दंड पडेल तुम्हाला." ते त्याच्याही नावाने एक चटई घेऊन आले होते. ओरिसीआजांची चूक त्यांनाही कधीचीच पोचली होती, आणि त्यांनी ती मान्य केली होती.

मयताच्या रिवाजाप्रमाणे गावाने भिंतीजवळ पाला बांधलेला खांब रोवला आणि त्या बाजूची मासेमारी शंभर रात्रींसाठी बंद केली. दोघांसाठी एकच खांब.

पुढच्या आठवड्यात वेदरलीची मुलगी टीव्हीवर दिसली. फिलिपा तिचं नाव. वडिलांसारखीच मान. तिने कोणाला शिव्या दिल्या नाहीत. एवढंच म्हणाली, "त्या बाईला मला एकदा विचारायचंय, माझ्या वडिलांनी तुमचं काय वाईट केलं होतं?"

उनाइसी माझ्या घरी बसून ते बघत होती. तिने हातातला चहाचा कप खाली ठेवला, तो पुन्हा उचलला नाही.

लगेच क्रिस्टीन बाई आली. बाई वाईट नव्हती. हॉटेलचे पाहुणे कमी होत होते, तिच्यावरही वरून दबाव होता. म्हणाली, "उनाइसी, फक्त दोन वाक्यं. कॅमेऱ्यासमोर. 'माझं चुकलं, मला माफ करा.' डेल येतोय त्यासाठीच. मग सगळं मिटेल, तुझी नोकरी राहील, आणि त्या मुलीलाही बरं वाटेल."

"आणि ग्रॅहमचं काय?" उनाइसी म्हणाली.

"म्हणजे?"

"ताउवूची माफी मागत नाहीत, बाई. माफी मागितली की झालं, तो ताउवू नव्हताच. मग तो कोण होता? तुमच्या हॉटेलचं गिऱ्हाईक. आणि मी एका गिऱ्हाइकाच्या मढ्यापुढे हसले. मग तर ते शिव्या देणारे खरं तेच बोलले की."

"हे त्या मुलीला कसं कळणार?"

क्रिस्टीन बाई उठली, दाराशी थांबली, "विचार कर गं," म्हणाली आणि गेली. महिनाअखेरीस उनाइसीला धुलाईघरातून कमी केलं.

मी डेलला गाठलं. कॅमेऱ्यासमोर बसून त्याला ताउवू म्हणजे काय ते समजावून सांगितलं. मूळपुरुष, होड्या, ओरिसीआजांचा उजवा कान, टोप्या, केळी, साइलोसी, सगळं. तासभर तरी बोललो असेन. रात्रीच्या बातम्यांत मी दिसलो. मी म्हणत होतो, "तो चांगला माणूस होता." तेवढंच. उनाइसी खो खो हसली. "मास्तर, तुमचा चष्मा छान दिसत होता."

पण रात्री ती झोपत नाही, असं लितिया सांगायची. तिला नोकरीची काळजी नव्हती. मासे होते, दालोच्या कंदांचा मळा होता. ती चटई विणता विणता मधेच थांबायची आणि म्हणायची, "त्या पोरीला वाटतंय, बापाला आम्ही हसलो. जिथे तो सुखाने यायचा, तिथले लोक त्याला हसले, असं वाटतंय तिला. दोन वाक्यं बोलले तर तिचं दुःख कमी होईल, आणि तिचा बाप खोटा पडेल. काय करू मी?"

शंभर रात्री संपल्या की खांब काढतात आणि समुद्र मोकळा करतात. त्या सकाळी हॉटेलची बोट आली. क्रिस्टीन बाईबरोबर फिलिपा उतरली, एकटीच, कॅमेरा नाही. गावप्रमुखांनी तिला मानाने बसवलं. ती विधीभर शांत बसली. खांब निघाला, जाळी पाण्यात गेली. मग तिने विचारलं, "उनाइसी कोण?"

उनाइसी बायकांच्या मागे बसली होती. ती उठली.

"माझ्या वडिलांची टोपी तुमच्याकडे आहे," फिलिपा म्हणाली.

"आहे."

"मला ती हवी आहे."

क्रिस्टीन बाई मागून हाताने खुणावत होती, देऊन टाक, देऊन टाक. मी उनाइसीकडे बघत होतो. मला वाटलं, आता ही वाकणार. टोपी हातात देणार, सॉरी म्हणणार. कोणी तिला नावं ठेवली नसती.

उनाइसीने दोन्ही हात कमरेवर ठेवले. "नाही देणार," ती म्हणाली. "त्याला म्हणावं, हवी असेल तर स्वतः ये न्यायला. टकल्याला लाज वाटते का उन्हातून यायला?"

क्रिस्टीन बाईने डोळे मिटून घेतले. कोणी हसलं नाही. फिलिपा उनाइसीकडे बघत राहिली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "किती आहेत तुमच्याकडे?"

"ये," उनाइसी म्हणाली.

दाराशी मी थांबलो, तिथून दिसत होतं. भिंतीवर खिळ्यांना ओळीने पांढऱ्या टोप्या टांगल्या होत्या. जुन्या पिवळ्या पडलेल्या, नव्या कडक. फिलिपाने एकीच्या काठावरून बोट फिरवलं.

"आमच्या शेजारचंच दुकान आहे. बाबा इथे यायच्या आधी दरवर्षी टोपी घ्यायचे. आई म्हणायची, हरवायचीच आहे तर स्वस्तातली घ्या." ती थांबली. "तर म्हणायचे, चोर फार चोखंदळ आहे, स्वस्त माल चालत नाही तिला. मला वाटायचं, काहीतरी गंमत करताहेत. खरंच कोणी आहे, असं वाटलं नव्हतं."

"मी आहे," उनाइसी म्हणाली.

शेवटची टोपी एका तसबिरीच्या कोपऱ्यावर अडकवलेली होती. तसबिरीत गणवेशातला तरुण हसत होता.

"हा कोण?"

"साइलोसी. माझ्या बहिणीचा. विमान तोच चालवत होता."

फिलिपाने वळून बघितलं. "तुमच्या घरातला? मग त्या दिवशी, ते सगळं चाललं होतं तेव्हा..."

"तेव्हा तो सापडला नव्हता."

फिलिपा चटईवर बसली. उनाइसीही तिच्याजवळ बसली. मग लितिया नारळाच्या दुधातले मासे आणि दालो घेऊन आली, आणि फिलिपा जेवली. दोनदा वाढून घेतलं. निघायच्या आधी ती साइलोसीच्या थडग्यावर गेली. बापाच्या नावाने आलेली तासिमोनाची चटई उनाइसीने तिला दिली होती, ती तिने तिथेच अंथरली.

बोटीत बसायला निघाली, तेव्हा आम्ही सगळे किनाऱ्यावर होतो. उनाइसीच्या ओट्यावरून जाताना ती मधेच वाकली. उनाइसीचा चर्चला न्यायचा विणलेला पंखा तिथे पडलेला होता, लाल लोकरीचा काठ असलेला, तिच्या आईच्या हातचा. फिलिपाने तो उचलला, काखेत मारला आणि मागे न बघता चालायला लागली.

"अगं ए!" उनाइसी ओरडली. "माझा पंखा!"

फिलिपा पाण्यात शिरली होती. बोटीचा काठ धरून तिने मान वळवली. तिचा चेहरा ओला होता. "हवा असेल तर स्वतः ये न्यायला!"

मग उनाइसी कमरेला गुंडाळलेलं सुलू गुडघ्यापर्यंत खोचून धावली, पार पाण्यात. "चोर! चोर आहे ही! बापावर गेलीय, अगदी बापावर!" ओरिसीआजांनी डावा कान पुढे करून विचारलं, "कोण आलंय?" कोणीतरी त्यांच्या कानात ओरडलं, "तासिमोनाची पोरगी!" आजांनी समाधानाने मान डोलावली.

बातम्यांत यातलं काही आलं नाही. उनाइसीला हॉटेलमध्ये परत बोलावलं. ती म्हणाली, चटई संपली की बघते. ती चटई अजून चालू आहे.

गेल्या रविवारी चर्चमध्ये फार उकडत होतं. सगळ्या बायका पंख्याने वारा घेत होत्या आणि उनाइसी प्रार्थनेच्या पुस्तकाने. लितियाने आपल्याकडचा जादा पंखा पुढे केला. "घे गं. नवा विणेपर्यंत वापर."

"नको," उनाइसी म्हणाली. "आहे माझा. जरा तासिमोनाला गेलाय."